पंपावरचे पेट्रोल आणि ‘बिग ब्लॉक’: कॉम्प्रेशनचा आकडा किती ठेवावा?

शेवरलेच्या परफॉर्मन्स विभागाने ५७२ घनइंचांचे, म्हणजे सुमारे ९.४ लिटरचे, एक तयार ‘बिग ब्लॉक’, म्हणजे मोठ्या ब्लॉकचे, इंजिन दोन रूपांत विकले. दोन्हींचा बोअर तोच आणि स्ट्रोकही तोच. एकाचा कॉम्प्रेशन रेशो ९.६:१, ताकद ६२० अश्वशक्ती, आणि ते पंपावरच्या ९२ ऑक्टेनच्या पेट्रोलवर चालते. दुसऱ्याचा रेशो १२:१, ताकद ७२० अश्वशक्ती, पण त्याला ११० ऑक्टेनचे शर्यतीचे इंधन लागते. हे आकडे शेजारी शेजारी वाचले की हौशी माणूस लगेच हिशेब मांडतो: रेशो वाढवला की शंभर घोडे पदरात.

हिशेब फसवा आहे. ऑटो सायकलचे पाठ्यपुस्तकातले सूत्र लावले तर ९.६ वरून १२ वर गेल्याने कार्यक्षमता जेमतेम सहा टक्के वाढते. ६२० अश्वशक्तीवर सहा टक्के म्हणजे ३५-३७. उरलेली साठ-पासष्ट अश्वशक्ती आली ती जास्त उघड्या कॅममुळे आणि जास्त फेऱ्यांमुळे. पहिले इंजिन आपली कमाल ताकद ५,५०० फेऱ्यांना देते, दुसरे ६,२५० ला. श्रेय मात्र सगळे कॉम्प्रेशनच्या नावावर जमा होते, आणि त्यापायी दरवर्षी कितीतरी चांगली इंजिने पिस्टन फोडून घेतात.

हा छंद मुळात अमेरिकेचा. १९६५ ते १९७१ या काळातल्या शेव्हेल, कॉर्व्हेट, चार्जर, रोड रनर या गाड्या तिथे आजही गॅरेजमध्ये सुट्या करून पुन्हा बांधल्या जातात. डेट्रॉइटच्या वुडवर्ड अॅव्हेन्यूवर दर ऑगस्टमध्ये त्यांची मिरवणूक निघते. त्या शहराच्या आसपास मोटार कंपन्यांत नोकरी करणारी मराठी कुटुंबे बरीच आहेत, आणि त्यांच्यातल्या कुणाच्या गॅरेजात शेवरलेचे एखादे ४५४ घनइंचांचे इंजिन उघडून पडलेले असेल तर नवल नाही. असे इंजिन बांधायला घेतलेल्या किंवा मेकॅनिककडून बांधून घेणाऱ्या वाचकांसाठी हा लेख आहे.

‘स्ट्रोकर’ म्हणजे काय, ते आधी पाहू. शेवरलेच्या ४५४ चा बोअर सव्वाचार इंच आणि स्ट्रोक चार इंच. त्यातला क्रँक काढून सव्वाचार इंच स्ट्रोकचा घातला आणि सिलिंडर साठ हजारांश इंचाने बोअर केले की ४९६ घनइंच होतात. बाहेरून काही बदललेले दिसत नाही, पण इंजिन नऊ टक्क्यांनी मोठे झालेले असते. कॉम्प्रेशनचा एक अख्खा अंक, समजा ९ वरून १०, सूत्राप्रमाणे तीन टक्क्यांच्या आतबाहेर फायदा देतो. म्हणजे क्रँक बदलतानाच तीन अंकांची कमाई झाली. आता शेवटच्या अर्ध्या अंकासाठी, म्हणजे साडेपाचशे अश्वशक्तीतल्या सात-आठ घोड्यांसाठी, सगळे इंजिन पणाला लावायचे कशाला? स्ट्रोकरवाल्याने तो अर्धा अंक सोडून द्यावा.

यावर जुन्या गाड्यांचे भक्त एक उदाहरण हमखास काढतात. १९७० च्या शेव्हेलमधल्या एलएस ६ इंजिनाचा रेशो ११.२५:१ होता, ते कारखान्यातून तसेच येत होते आणि रस्त्यावर पळत होते, मग आज का नाही? कारण पेट्रोल ते राहिलेले नाही. १९२१ साली जनरल मोटर्समध्ये थॉमस मिज्लीने टेट्राएथिल लेडचा गुण शोधला. पुढची पन्नास वर्षे अमेरिकी इंजिने त्या शिशाच्या जोरावर कॉम्प्रेशन चढवत गेली. सुनोकोचे ‘२६०’ हे पेट्रोल रस्त्याकडेच्या पंपावर मिळे आणि त्याचा रिसर्च ऑक्टेन शंभराच्या वर असे. मग प्रदूषणाचे नियम आले. १९७१ च्या मॉडेलांपासून जनरल मोटर्सने आपली इंजिने ९१ रिसर्च ऑक्टेनवर चालतील इतकी उतरवली. रस्त्यावरच्या गाड्यांसाठी शिसेयुक्त पेट्रोल अमेरिकेत १९९६ पासून पूर्ण बंद झाले, भारतात २००० साली.

त्या उतरंडीत एक मजेशीर पुरावा दडलेला आहे. १९७१ ला तेच एलएस ६ कॉर्व्हेटमध्ये ९:१ वर आले, आणि जाहीर ताकद ४५० वरून ४२५ झाली. सव्वादोन अंक गेले, घोडे गेले पंचवीस. सूत्र लावून पाहिले तर घट ५.७ टक्के येते, म्हणजे जवळजवळ तितकीच. गाडी वेगळी होती, दुसऱ्या वर्षीचे हेड अॅल्युमिनियमचे होते, आणि त्या काळच्या जाहिरातीतल्या अश्वशक्तीवर कुणी शपथ घेऊ नये हे खरे. तरी प्रमाण लक्षात राहण्यासारखे आहे.

आता पंपावरच्या आकड्याविषयी, कारण इथे भारतातून गेलेला माणूस हमखास गोंधळतो. भारतात आणि युरोपात पंपावर लिहिलेला ऑक्टेन हा रिसर्च ऑक्टेन, म्हणजे आर.ओ.एन. तो चाचणी-इंजिन ६०० फेऱ्यांवर चालवून काढतात. दुसरी चाचणी मोटर ऑक्टेनची, एम.ओ.एन.ची. ती ९०० फेऱ्यांवर आणि मिश्रण १४९ अंश सेल्सिअसपर्यंत तापवून केली जाते, म्हणून तिचा आकडा खाली येतो. अमेरिकी पंपावर या दोन्हींची सरासरी लिहिलेली असते. त्यामुळे तिथले साधे ८७ हे आपल्याकडच्या ९१ च्या जवळपासचे असते, तर तिथले ९३ म्हणजे आपल्या हिशेबात ९७-९८. भारत स्टेज ६ च्या मानकात साध्या पेट्रोलला किमान ९१ आर.ओ.एन. लागतो, आणि २० टक्के इथेनॉलच्या पेट्रोलला ९५. अमेरिकेत ‘मला ९१ मिळते’ म्हणणारा आणि पुण्यात तेच म्हणणारा वेगवेगळ्या इंधनाविषयी बोलत असतात.

अमेरिकेतही सगळीकडे एकच माल मिळत नाही. पूर्वेकडच्या आणि मध्यभागातल्या बऱ्याच राज्यांत प्रीमियम ९३ चे, तर कॅलिफोर्नियात पंपावरची मजल सहसा ९१ ला संपते. कोलोरॅडोसारख्या डोंगराळ भागात साधे पेट्रोल ८५ चे विकतात, कारण डेन्व्हर ५,२८० फुटांवर आहे आणि तिथल्या विरळ हवेत सिलिंडर कमी भरतो. डेन्व्हरला बिनतक्रार चालणारे इंजिन घेऊन माणूस टेक्ससच्या सपाटीवर उतरला की खडखड सुरू. म्हणून रेशो ठरवताना घराजवळच्या सर्वोत्तम पंपाचा विचार करू नये. गाडी जिथवर जाणार आहे तिथला सर्वांत हलका प्रीमियम धरावा.

खडखड होते म्हणजे नेमके काय होते? स्पार्क पडल्यावर ज्वाला प्लगपासून कडेकडे पसरत जाते. ती पोचण्याआधी कडेला उरलेले मिश्रण दाबले जाते आणि तापते. ते सहनशक्तीपलीकडे तापले तर स्वतःहून, एकदम पेट घेते. त्या धक्क्याच्या लहरी पिस्टनच्या माथ्यावर आणि रिंगांच्या खाचांवर आदळतात. कारखान्याचे साधे ओतीव पिस्टन अशाने तडकतात. फोर्ज केलेले जास्त सोसतात, पण बेअरिंगे तेवढी सोसत नाहीत.

इथे एक रास्त शंका येते. मारुतीच्या १.२ लिटर ड्युअलजेट इंजिनाचा रेशो १२:१ आहे आणि ते गावोगावच्या पेट्रोलवर चालते, मग अमेरिकेच्या आठ सिलिंडरवाल्या दांडग्याला दहा का झेपू नयेत? फरक आकारात आहे. मारुतीचा बोअर ७३ मिलिमीटर, ४९६ चा जवळजवळ ११०. ज्वालेला जितके लांब जावे लागते तितका वेळ कडेच्या मिश्रणाला तापायला मिळतो. त्यात मारुतीत नॉक सेन्सर आहे, संगणक आहे, खडखडीची चाहूल लागताच टायमिंग मागे घेतले जाते. कार्बोरेटर आणि साधा डिस्ट्रिब्युटर असलेल्या जुन्या इंजिनात ती चाहूल घेणारे फक्त चालकाचे कान असतात, आणि मोठ्या आवाजाचे एक्झॉस्ट लावल्यावर त्या कानांचाही उपयोग राहत नाही.

आता मोजमाप. कॉम्प्रेशन रेशो म्हणजे पिस्टन तळाशी असतानाची जागा भागिले पिस्टन माथ्याशी असतानाची जागा. माथ्याशी उरणाऱ्या जागेत हेडमधला चेंबर येतो, गॅस्केटच्या जाडीची पोकळी येते, पिस्टन ब्लॉकच्या कडेखाली राहत असेल तर तेवढी फट येते. पिस्टनला खळगा असेल तर तो मिळवायचा, घुमट असेल तर वजा करायचा. ४९६ च्या एका सिलिंडरचे आकारमान १,०१६ सीसी. समजा हेडचा चेंबर ११९ सीसी, गॅस्केट ०.०३९ इंच जाड म्हणजे साडेनऊ सीसीच्या वर, पिस्टनचा घुमट १८ सीसी आणि पिस्टन ब्लॉकच्या कडेशी बरोबर सपाट. उरलेली जागा ११०.६ सीसी, रेशो १०.२:१.

हीच ११०.६ सीसीची जागा मूळ ४५४ मध्ये ठेवली तर रेशो ९.४ येतो. केवळ क्रँक आणि बोअर बदलल्याने आकडा पाऊण अंकाहून जास्त चढला, हेडला हातही लावला नाही. जुन्या इंजिनाचे हेड आणि त्याच घुमटाचे पिस्टन ‘आधी चालत होते की’ म्हणून स्ट्रोकरवर चढवणारे इथे फसतात.

दुसरी गोष्ट, या आकाराच्या सिलिंडरमध्ये अर्धा अंक म्हणजे जेमतेम साडेसहा सीसी, औषधाच्या चमच्याहून थोडे जास्त. ९.५ साठी ११९.५ सीसी जागा लागते, १० साठी ११३. पिस्टन वीस हजारांश इंच, म्हणजे अर्धा मिलिमीटर, खाली राहिला तरी पावणेपाच सीसी वाढतात आणि १०.२ चे ९.८ होतात. म्हणून कॅटलॉगमध्ये छापलेल्या रेशोवर विसंबून चालत नाही. तो रेशो विशिष्ट चेंबर, विशिष्ट गॅस्केट आणि विशिष्ट ब्लॉक धरून काढलेला असतो. कारखान्याचे जुने ब्लॉक नकाशातल्या उंचीपेक्षा बहुधा थोडे उंच निघतात आणि प्रत्यक्षातला रेशो जाहिरातीपेक्षा खाली राहतो. ब्लॉक एकदा फेस करून सरळ केला की मात्र तो लपलेला अंक उसळून वर येतो.

मोजायला लागते ते थोडेच: ब्युरेट, भोक पाडलेली अॅक्रिलिकची पट्टी, थोडे ग्रीस आणि रंगवलेले स्पिरिट. हेड उलटे ठेवून, व्हॉल्व्ह आणि प्लग बसवून, पट्टी ग्रीसने चिकटवून चेंबर भरायचा. घुमटासाठी पिस्टन सिलिंडरमध्ये अर्धा इंच खाली आणून कडेला ग्रीस लावायचे आणि वरची जागा भरायची. ४.३१ इंच बोअरला घुमट नसता तर तिथे ११९.५ सीसी मावले असते. १०१.५ च मावले, तर घुमट १८ सीसीचा. हे काम एका दुपारचे आहे आणि ते आठही चेंबरांवर करावे. दोन-तीन सीसीचा फरक सापडला तर सर्वांत लहान चेंबरवरून हिशेब धरावा, कारण खडखड तिथेच आधी होणार.

इथवरचा झाला स्थिर रेशो. पण इनटेक व्हॉल्व्ह पिस्टन तळाशी पोचताक्षणी बंद होत नाही. पिस्टन वर निघाल्यावरही तो बराच वेळ उघडा असतो, आणि तो मिटेपर्यंत दाब धरतच नाही. कॅमच्या कार्डावरून ही वेळ काढता येते: जाहीर कालावधीचा निम्मा, अधिक इनटेक सेंटरलाइन, वजा १८०. २७८ अंशांचा कॅम १०६ वर बसवला तर व्हॉल्व्ह तळानंतर ६५ अंशांनी मिटतो. ४९६ मध्ये ६.३८५ इंचांचा कनेक्टिंग रॉड धरला, तर तोवर सव्वाचार इंचांपैकी फक्त ३.३२ इंचांचा प्रवास उरलेला असतो. या उरलेल्या प्रवासावर काढलेला रेशो ८.२ भरतो. त्याला डायनॅमिक कॉम्प्रेशन म्हणतात.

त्याच १०.२ वर २९४ अंशांचा कॅम १०८ ला बसवला तर व्हॉल्व्ह ७५ अंशांनी मिटतो आणि डायनॅमिक आकडा साडेसातवर येतो. उलट ओझे ओढणाऱ्या ट्रकसाठी २६८ अंशांचा सौम्य कॅम १०६ वर घातला तर तो साडेआठला भिडतो. इंजिन एकच, पेट्रोल एकच. एक सुस्त, एक मजेत, एक खडखडण्याच्या काठावर. कॅम चार अंश पुढे-मागे बसवला तरी पाव अंक हलतो. म्हणून आधी पिस्टन घेऊन मग कॅम शोधणे हा उलटा क्रम आहे. गाडीचे काम, मग कॅम, मग हेड, आणि सर्वांत शेवटी पिस्टन.

अॅल्युमिनियमचे हेड आणि व्यवस्थित क्वेंच (त्याविषयी पुढे) असेल तर ९१ ते ९३ च्या पेट्रोलवर डायनॅमिक आकडा ८ ते साडेआठपर्यंत चालतो. बिडाच्या जुन्या हेडला साडेसात ते आठ. हे वर्कशॉपमधले अंगठ्याचे नियम आहेत, निसर्गाचे कायदे नव्हेत. एकाने जाहीर कालावधी धरून काढलेला आकडा आणि दुसऱ्याने पन्नास हजारांश लिफ्टवरचा कालावधी धरून काढलेला आकडा यांची तुलना करू नये. अर्धी भांडणे त्यातूनच होतात.

आणखी एक सापळा. २९४ अंशांच्या कॅमवर ११:१ ठेवले तरी डायनॅमिक आकडा ८.१ च येतो, मग अकरा का नको, असा युक्तिवाद फार ऐकू येतो. कागदावर तो बिनतोड आहे. पण हा हिशेब भूमितीचा आहे, हवेचा नाही. टॉर्कच्या शिखराजवळ आत शिरणाऱ्या हवेचा झोत स्वतःच्या वेगाने सिलिंडर भरत राहतो, पिस्टन वर निघाला तरी. चांगल्या हेडचे इंजिन तिथे भूमितीपेक्षा कितीतरी जास्त भरते आणि खडखड नेमकी तिथेच सुरू होते. डायनॅमिक आकड्याने फार जास्त रेशो ओळखावा. फार जास्त रेशोचे समर्थन त्याने करू नये.

क्वेंचचा विषय मात्र खरोखर कामाचा आहे, आणि सर्वांत दुर्लक्षित. पिस्टनचा सपाट भाग वर येऊन हेडच्या सपाट भागाजवळ भिडतो तेव्हा तिथले मिश्रण झटक्यात प्लगकडे फेकले जाते. त्याने घुसळण होते, ज्वाला झपाट्याने पसरते, आणि कडेला उरलेले थोडे मिश्रण दोन थंड पत्र्यांमध्ये सापडल्यामुळे पेटायला धजत नाही. ही फट ०.०३५ ते ०.०४५ इंचांत, म्हणजे एक मिलिमीटरच्या अलीकडे-पलीकडे हवी. त्याहून कमी ठेवली तर पोलादी रॉड ताणल्यावर पिस्टन हेडला टेकू शकतो. अॅल्युमिनियमचे रॉड असतील तर ती बरीच वाढवावी लागते. पिस्टन ब्लॉकशी सपाट आणि ०.०३९ चे गॅस्केट, हा मेळ म्हणूनच इतका लोकप्रिय आहे.

रेशो जास्त झाला म्हणून जाड गॅस्केट घालणारे मेकॅनिक भारतात भेटतात, अमेरिकेतही भेटतात. त्याने रेशो थोडा उतरतो खरा, पण फट दीड-दोन मिलिमीटर होते, क्वेंच मरतो, आणि इंजिन आधीपेक्षा लवकर खडखडू लागते. रेशो उतरवायचा तर घुमट लहान करावा, खळग्याचा पिस्टन घ्यावा किंवा मोठ्या चेंबरचे हेड निवडावे. फटीला हात लावू नये.

त्यातही घुमटापेक्षा सपाट पिस्टन बरा. उंच घुमट ज्वालेच्या वाटेत उभा राहतो. ४९६ वर सुमारे १०० सीसी चेंबरचे हेड घेतले तर व्हॉल्व्हपुरत्या खाचा असलेल्या सपाट पिस्टनवरच रेशो दहाच्या घरात पोचतो, घुमटाची गरज पडत नाही. शेवरलेच्या जुन्या हेडांत बंद आणि उघडे असे दोन प्रकारचे चेंबर आहेत. उघड्या चेंबरसाठी घडवलेला घुमट बंद चेंबरला आपटू शकतो, तेव्हा जोडी जमते का ते बांधणीआधी मातीचा गोळा ठेवून तपासावे. जुने बिडाचे हेड वापरायचेच असेल तर शिसे नसलेल्या पेट्रोलसाठी कडक सीट बसवून घ्याव्यात.

रेशो ठरवताना गाडीचे वजन आणि गिअर विसरले जातात. हलक्या गाडीत, आखूड गिअरवर, सैल टॉर्क कन्व्हर्टरवर इंजिन पटकन फेऱ्या घेते. कडेच्या मिश्रणाला तापायला वेळच मिळत नाही. तेच इंजिन ट्रेलर ओढणाऱ्या पिकअपमध्ये, उन्हाळ्यात, चढावर, कमी फेऱ्यांना दामटले की बिघडते. बोटीत त्याहून वाईट, कारण तिथे भार कधी उतरतच नाही. रेडिएटर, बाहेरची थंड हवा कार्बोरेटरपर्यंत आणणारी वाट, १६० किंवा १८० फॅरनहाइटचा थर्मोस्टॅट या किरकोळ वाटणाऱ्या वस्तू पाव अंकाइतके काम करून जातात. ई-८५ हे इथेनॉलप्रधान इंधन जवळ मिळत असेल तर दहाच्या बऱ्याच पुढे जाता येते. पण मग जेट मोठे, पंप मोठा आणि जवळपास तीस टक्के जास्त इंधन. शिवाय पंपागणिक त्यातल्या इथेनॉलचे प्रमाण बदलते. लांबच्या प्रवासाच्या गाडीला तो मार्ग नको.

मग आकडा किती? बिडाचे उघड्या चेंबरचे हेड, क्वेंच यथातथा, पेट्रोल ९१: नऊच्या वर जाऊ नये. बिडाचेच हेड पण क्वेंच नीट जमवलेला: साडेनऊ. अॅल्युमिनियमचे चांगले हेड, एक मिलिमीटरची फट आणि ९१ चे पेट्रोल: पावणेदहा, फार तर दहा. तेच ९३ वर दहा ते सव्वादहा. साडेदहा फक्त हलक्या गाडीला, मोठ्या कॅमसह, आणि ट्यूनिंग जाणणारा माणूस हाताशी असेल तर. ओझे ओढायचे असेल तर यातून अर्धा अंक वजा करावा. फार खाली जाणेही शहाणपणाचे नाही: मोठ्या कॅमवर साडेआठचा रेशो ठेवला तर इंजिन कमी फेऱ्यांना मेंगळट होते आणि पेट्रोलही जास्त पिते.

जास्त रेशो ठेवून टायमिंग मागे घेतले की झाले, असे समजणाऱ्यांनी एक हिशेब करावा. या इंजिनांना पूर्ण टायमिंग साधारण ३४ ते ३८ अंश मानवते. खडखड थांबवायला त्यातून सहा-आठ अंश काढावे लागले तर अर्ध्या अंकाने दिलेले घोडे परत जातात, वर एक्झॉस्ट तापतो आणि कूलंटही.

इंजिन उभे राहिल्यावर पहिली परीक्षा कॉम्प्रेशन गेजची. इंजिन गरम, सगळे प्लग काढलेले, थ्रॉटल पूर्ण उघडा, बॅटरी भरलेली. समुद्रसपाटीजवळ १६० ते १८५ पौंडांच्या दरम्यान आकडा आला तर पंपावरच्या प्रीमियमला काळजी नाही. दोनशेच्या जवळ गेला तर कॅमचे बसवणे पुन्हा तपासावे. दुसरी परीक्षा प्लगची. नवे प्लग लावून भाराखाली एक दौड करावी, इंजिन लगेच बंद करून प्लग काढावे आणि भिंगाखाली पाहावे. पांढऱ्या चिनीमातीवर काळे ठिपके किंवा अॅल्युमिनियमचे चकचकीत कण दिसले तर कानाला ऐकू न आलेली खडखड झालेली आहे. तेव्हा टायमिंग दोन अंश मागे, मिश्रण थोडे दाट, आणि पुन्हा तपासणी. व्हॅक्यूम अॅडव्हान्स जोडलेला असेल तर सावकाश चालीतली खडखड बऱ्याचदा त्याचीच असते. रेशोला दोष देण्याआधी तो काढून पाहावा.

पिस्टन सहसा परत घेतले जात नाहीत. ऑर्डर देण्याआधी कॅमचे कार्ड, हेडचे स्वतः मोजलेले सीसी, गॅस्केटची दाबलेली जाडी आणि ब्लॉकची मोजलेली उंची, हे चार आकडे कागदावर लिहून मशीन शॉपवाल्यासमोर ठेवावेत आणि घुमटाचा आकार त्यावरूनच ठरवावा.